खारे पाणी, गोडे पाणी : समुद्रावरच्या धुण्याचा इतिहास

१/
आजच्या क्रूझ जहाजाच्या केबिनमध्ये प्रवाशासाठी काही ठरावीक सूचना असतात. घरून इस्त्री आणू नये. बाल्कनीच्या कठड्यावर ओले टॉवेल किंवा कपडे वाळत घालू नयेत. न्हाणीघरात एका भिंतीतून ओढून समोरच्या भिंतीला अडकवायची बारीक दोरी असते, तीवर फार तर पोहण्याचे कपडे मावतात. बाकीचे धुणे पिशवीत भरून द्यावे लागते. या सूचना किरकोळ वाटतात. मात्र समुद्रावर कपडे कोणी धुवावेत, कोणत्या पाण्याने धुवावेत आणि कुठे वाळवावेत, हे तीन प्रश्न गेली ५०० वर्षे जहाजांना सतावत आले आहेत. त्यांच्या उत्तरांत रोगराई आहे, रसायन आहे, कायदा आहे आणि माणसांची उतरंडही आहे. हा धागा त्या धुण्याविषयी.

२/
आरंभ गोव्याच्या वाटेवरून करता येतो. ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून ‘सांतियागो’ हे जहाज निघाले. त्यावर गोव्याचा नवा गव्हर्नर मार्तिम अफोंसो द सोझा होता आणि पोपचा प्रतिनिधी म्हणून नेमलेला फ्रान्सिस झेवियरही होता. झेवियरचे चरित्रकार या प्रस्थानाचा एक प्रसंग आवर्जून सांगतात. आरमाराच्या तयारीवर देखरेख करणाऱ्या कास्तान्येराच्या काउंटने त्याला सोबत एक नोकर नेण्याचा आग्रह केला. पोपच्या प्रतिनिधीने चारचौघांदेखत जहाजाच्या कडेला उभे राहून स्वतःचे कपडे धुतले, तर लोकांत त्याचा मान राहणार नाही, असे काउंटचे म्हणणे होते. झेवियरने नोकर नाकारला.

३/
मोझांबिकला मुक्काम करून झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. या तेरा महिन्यांत आजाऱ्यांची शुश्रूषा आणि त्यांचे धुणे तो स्वतः करत असे, असे चरित्रांत नोंदले आहे. संताच्या नम्रतेचे उदाहरण म्हणून ही कथा सांगितली जाते. इतिहासाच्या दृष्टीने काउंटचा आक्षेप अधिक बोलका ठरतो. कपडे मळके राहण्याची चिंता त्याला नव्हती, ते कोण धुतो याची होती. महाराष्ट्रातील गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. त्याचे काम, त्याचे बलुते आणि त्याची पायरी ठरलेली होती. जहाजावर परीट नव्हता, नदी नव्हती, घाट नव्हता आणि ऊन असले तरी अंगण नव्हते. तिथे ही व्यवस्था नव्याने उभी करावी लागली.

४/
पहिली अडचण पाण्याची. चारही बाजूंना पाणी असताना धुण्याला पाणी नाही, ही स्थिती समुद्राबाहेर क्वचितच येत असेल. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साध्या साबणाशी संयोग पावतात आणि फेसाऐवजी चिकट पांढरा साका तयार होतो. विहिरीच्या जड पाण्यात साबण नीट फेसाळत नाही, हा अनुभव महाराष्ट्रातील अनेक गावांना आहे. समुद्राचे पाणी हे त्याचेच टोकाचे रूप. साबण संपत जातो, मळ जागचा हलत नाही आणि साका मात्र धाग्याधाग्यांत बसतो.

५/
दुसरी अडचण वाळवण्याची. जाड सुती सदरा पिळल्यावरही त्यात अर्धा लिटर खारे पाणी उरले, तर पाणी उडून गेल्यावर कापडात सतरा ग्रॅमच्या आसपास मीठ शिल्लक राहते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तेच त्या सदऱ्याचे होते. हवेतील दमटपणा तो ओढून घेतो. उन्हात कडक झालेला कपडा संध्याकाळी पुन्हा ओलसर लागतो आणि काखेत, मानेवर, जांघेत कातडी सोलवटून काढतो. खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा खऱ्या अर्थाने कधी वाळतच नाही. जुन्या खलाशांना झालेल्या अनेक जखमा आणि गळवे या ओल्या, खारट कपड्यांनी चिघळत असत.

६/
शिडाच्या जहाजावर गोडे पाणी लाकडी पिंपांत भरून नेले जाई. ते पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखलेले असे. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’सारख्या युद्धनौकेवर ८०० हून अधिक माणसे असत. त्यांच्या कपड्यांसाठी पिंप फोडणे कोणत्याही कप्तानाला परवडणारे नव्हते. १८व्या शतकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत ब्रिटिश आरमाराच्या सरकारी पुरवठ्यात साबणाला स्थान नव्हते. मग खलाशी शिळे मूत्र वापरत. मूत्र साठवून ठेवले की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेलकट मळ सोडवतो. त्यात कपडे भिजवायचे आणि मग समुद्राच्या पाण्यात खळबळून काढायचे. ऐकायला किळसवाणी वाटणारी ही युक्ती प्राचीन रोममधील धोबीही वापरत होते.

७/
कपडे दोरीला किंवा जाळ्यात बांधून धावत्या जहाजामागे सोडण्याचीही रीत होती. खरी चैन मात्र पावसाची. विषुववृत्ताजवळ वारा पडला आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळू लागला, की सारे जहाज धुण्याला लागे. रिचर्ड हेन्री डेना हा हार्वर्डचा विद्यार्थी १८३४ मध्ये बोस्टनहून साधा खलाशी म्हणून निघाला. १८४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात अशा पावसाचे वर्णन आहे. डेकवरचे पाणी बाहेर जाण्याची भोके बुजवायची, डेकवरच तळे साचवायचे आणि त्यात अंगासकट कपडे घासून घ्यायचे. कित्येक आठवड्यांनी कपड्यातले मीठ निघून जाण्याचे सुख त्या माणसांनाच ठाऊक.

८/
वाळवण्यासाठी डोलकाठ्यांच्या मध्ये दोऱ्या ताणल्या जात. ब्रिटिश आरमारात धुण्याचे वार ठरलेले असत. दोऱ्या हुकमाने चढत आणि हुकमाने उतरत. चिमटे नव्हते, त्यामुळे प्रत्येक कपडा सुतळीच्या लहान तुकड्यांनी दोरीला गाठ मारून बांधावा लागे. नाहीतर वाऱ्याच्या एका झोतासरशी सदरा समुद्रार्पण होई. वाळत घातलेल्या कपड्यांमुळे जहाजाची शिस्त लांबूनही जोखता येई. एकसारखी बांधलेली रांग दिसली, तर कप्तान कडक आहे असे समजावे. खलाशांना सरकारी गणवेश १८५७ मध्ये मिळाला, त्यानंतर ही रांग अधिकच एकसुरी झाली.

९/
या शिस्तीमागे केवळ टापटिपीची हौस नव्हती, मृत्यूचे भयही होते. १८व्या शतकात आरमाराची माणसे शत्रूच्या तोफांपेक्षा तापाने अधिक मरत. सक्तीने पकडून आणलेले लोक तुरुंगांतून आणि गलिच्छ वस्त्यांतून थेट जहाजावर येत आणि काही दिवसांतच टायफसची साथ फुटे. स्कर्व्हीवरील प्रयोगामुळे प्रसिद्ध असलेल्या जेम्स लिंडने १७५७ मध्ये खलाशांच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. हा ताप माणसांबरोबर त्यांच्या कपड्यांतून आणि अंथरुणांतून येतो, हे त्याने ओळखले होते. नव्या माणसांना आधी वेगळ्या जहाजावर ठेवावे, अंघोळ घालावी, जुने कपडे काढून घ्यावेत आणि नवे द्यावेत, अशी त्याची योजना होती.

१०/
लिंडला कारण ठाऊक नव्हते. दूषित हवा कपड्यांना चिकटते, या त्या काळच्या समजुतीवर त्याचा विश्वास होता. खरे कारण १९०९ मध्ये शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ट्यूनिसमध्ये सिद्ध केले. टायफस अंगावरच्या उवांमार्फत पसरतो आणि या उवा कपड्यांच्या शिवणींत राहतात. या शोधासाठी निकोलला १९२८ चे नोबेल मिळाले. निकोलच्या कामाचा आरंभही कपड्यांपासूनच झाला होता. इस्पितळाच्या दारात अंघोळ घालून जुने कपडे काढून घेतलेला रुग्ण इतरांना ताप देत नाही, हे त्याच्या लक्षात आले होते. म्हणजे लिंडने दीडशे वर्षांपूर्वी सुचवलेला उपाय बरोबर होता, त्याचे स्पष्टीकरण तेवढे चुकले होते.

११/
जेम्स कुकने हा उपाय तडीस नेला. १७७२ ते १७७५ या दुसऱ्या सफरीत ‘रेझोल्यूशन’ जहाजावर ११८ माणसे होती. तीन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या प्रवासात आजाराने एकच माणूस दगावला. कुकने आपली पद्धत रॉयल सोसायटीला कळवली आणि त्याबद्दल त्याला १७७६ चे कोपली पदक मिळाले. त्या वृत्तांतात आहाराबरोबरच माणसांचे कपडे, अंथरुणे आणि झोळीसारखे टांगते बिछाने सदैव स्वच्छ व कोरडे ठेवण्यावर भर आहे. ओल हटवण्यासाठी डेकखाली शेगड्या पेटवून हवा खेळती ठेवली जाई. कुकच्या दृष्टीने ‘स्वच्छ’इतकेच ‘कोरडे’ महत्त्वाचे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१२/
हे झाले खलाशांचे. हिंदुस्थानकडे येणाऱ्या साहेबाचा मार्ग वेगळा होता. केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई गाठायला चार ते सहा महिने लागत. वाटेत धुणे होणार नाही असे गृहीत धरून सदरे, मोजे, रुमाल डझनावारी खरेदी केले जात. लंडनमध्ये अशा सामानाची खास दुकाने होती. मळलेला कपडा धुवायचा नाही, बाजूला टाकून नवा काढायचा. श्रीमंताने पाण्याचा प्रश्न कपड्यांच्या संख्येने सोडवला. मळक्या कपड्यांचे गाठोडे पेटीच्या तळाशी महिनोन्‌महिने दबून राही आणि बंदर लागले की किनाऱ्यावरच्या धोब्याकडे जाई.

१३/
याच गाठोड्याबरोबर एक हिंदुस्थानी शब्द समुद्रावर गेला. ब्रिटिश खलाशांच्या बोलीत ‘धोबी’ म्हणजे धुणे. माणसाचे नाव कामाला मिळाले, पुढे त्याचे क्रियापद झाले आणि कपडे धुण्याच्या पावडरीलाही ‘धोबी’ची धूळ म्हटले जाऊ लागले. ब्रिटिश आरमारात हा शब्द अजूनही प्रचलित आहे. मुंबई कधीही न पाहिलेला, थंड उत्तर समुद्रावर फिरणारा खलाशी आपले मोजे ‘धोबी’ करतो. भाषेने धोब्याला जहाजावर कायमची जागा दिली.

१४/
त्याच भाषेने त्याच्यावर एक आळही घेतला. जांघेत होणाऱ्या गजकर्णाला इंग्रजीत ‘धोबीची खाज’ असे नाव पडले. धोब्याने दुसऱ्याच्या कपड्यांबरोबर आपले कपडे धुतले म्हणून हा रोग झाला, असा त्यामागचा समज. हा रोग बुरशीचा. उष्ण हवा, घाम आणि न वाळलेला घट्ट कपडा त्याला पोसतो. वसाहतीतील गोरा शिपाई किंवा खलाशी ओलसर कपड्यांत वावरे आणि नाव मात्र धोब्याचे होई. घाण काढणाऱ्यालाच घाणीचे मूळ ठरवण्याची ही रीत जुनी आहे आणि ती एकाच समाजापुरती मर्यादित नाही.

१५/
एका बाबतीत मात्र धोब्याकडे खरेच बोट दाखवता येते आणि तिथे महाराष्ट्राच्या ओळखीचा बिब्बा भेटतो. कोणाचा कपडा कोणता, हे ओळखण्यासाठी परीट बिब्ब्याच्या रसाने काळी खूण करत. ती कितीही धुतली तरी जात नाही. त्यामुळेच या फळाला इंग्रजीत ‘खूण करण्याचे फळ’ असे नाव मिळाले. बिब्बा कातडीला उततो, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना या खुणांच्या जागी पुरळ उठू लागले, तेव्हा तेथील डॉक्टरांनी १९४३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ‘धोबीखुणेचा त्वचादाह’ म्हणून त्याची नोंद केली.

१६/
साहेबाच्या डझनावारी सदऱ्यांसमोर गरीब प्रवाशाचे गाठोडे ठेवून पाहावे. १९व्या शतकाच्या मध्यात ब्रिटन आणि आयर्लंडमधून हजारो कुटुंबे सरकारी खर्चाने ऑस्ट्रेलियाला गेली. निघण्यापूर्वी प्रत्येकाजवळ किमान किती कपडे हवेत, याची सरकारी यादी होती. पुरुषाला सहा सदरे, सहा मोजे-जोड, दोन बूटजोड आणि बाहेर घालायचे दोन पूर्ण पोशाख. स्त्रीला सहा अंतर्वस्त्रे, दोन लोकरी परकर, सहा मोजे-जोड, दोन बूटजोड आणि दोन झगे. प्रवास तीन ते चार महिन्यांचा. सहा सदऱ्यांत शंभर दिवस काढायचे, तर धुण्यावाचून गत्यंतर नव्हते.

१७/
१८५५ च्या ब्रिटिश कायद्यानुसार अशा प्रवाशाला दिवसाला तीन क्वार्ट, म्हणजे सुमारे ३.४ लिटर पाणी मिळे. पिणे, चहा, तोंड धुणे, सारे त्यातच. प्रवासी जहाजांच्या नियमावलीत आठवड्याचे दोन दिवस धुण्यासाठी राखून ठेवलेले होते. त्याच नियमात एक सक्त मनाई होती. डेकखाली, जिथे कुटुंबे दाटीवाटीने राहत, तिथे कपडे कोणत्याही कारणाने धुवायचे किंवा वाळवायचे नाहीत. कुकने जे हुकमाने साधले, ते आता कायद्याने साधायचे होते. तान्ह्या मुलांच्या आयांसाठी हा नियम किती जाचक असेल, हे सांगायला नको. दुपट्यांना धुण्याचा वार ठाऊक नसतो आणि वादळात आठ-आठ दिवस डेकवर जाताही येत नसे.

१८/
या प्रवाशांच्या सामानात एक खास वस्तू असे, ती म्हणजे ‘समुद्री साबण’. हा साबण खोबरेल तेलाचा. खोबरेलातील स्निग्धाम्लांच्या साखळ्या आखूड असतात, त्यामुळे त्यांचा साबण खाऱ्या पाण्यातही विरघळतो आणि थोडा फेस देतो. चरबीच्या साबणाला ते जमत नाही. सिलोन आणि मलबारचे खोबरेल १९व्या शतकात मोठ्या प्रमाणावर ब्रिटनला जाऊ लागले आणि त्यातून हा साबण सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. समुद्राच्या काठी वाढणाऱ्या माडानेच समुद्राच्या पाण्यावर तोड दिली. कापडात उरणारे मीठ मात्र या साबणानेही जात नसे.

१९/
पाण्याचा प्रश्न अखेर वाफेने सोडवला. समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ थंड करायची कल्पना जुनीच होती. लिंडनेही तिचा पाठपुरावा केला होता. पण शिडाच्या जहाजावर त्यासाठी लागणारे सरपण कोठून आणायचे? १८५१ मध्ये आल्फोन्स नॉर्मंडी या रसायनशास्त्रज्ञाने जहाजावर गोडे पाणी करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि ते जहाजांवर वापरात आले. वाफेच्या इंजिनाबरोबर उष्णता जहाजावर आपोआपच आली. आजची जहाजे इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर किंवा आरओ पडद्यांमधून गाळून समुद्राचेच पाणी गोडे करतात.

२०/
तरीही मोठ्या प्रवासी जहाजांनी धुण्याचे काम लगेच अंगावर घेतले नाही. १९१२ ची ‘टायटॅनिक’ हे ठळक उदाहरण. या जहाजावर लाँड्री नव्हती. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा आठवडाभराचा प्रवास गृहीत धरून सगळे कापड धुऊन, घडी घालून बरोबर घेतलेले होते. यादीत सुमारे ४५,००० हातरुमाल केवळ जेवणाच्या टेबलांसाठी, १५,००० एकेरी चादरी आणि ७,५०० ब्लँकेटे होती. मळलेले कापड परतल्यावर बंदरातील कंपनीच्या लाँड्रीत जायचे होते. हिंदुस्थानकडे येणाऱ्या साहेबाने जी युक्ती केली, तीच इथे अवाढव्य प्रमाणात दिसते. भरपूर कापड न्यायचे आणि मळ किनाऱ्यावर आणून टाकायचा.

२१/
या चकचकीत जहाजांच्या पोटात काम करणाऱ्यांचे कपडे कुठे वाळत? ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर मुंबईहून हजारो लास्कर भरती होत. डेकवर कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, जेवणघरात आणि केबिनांत गोव्याचे आणि सफाईला ‘टोपस’. १८९४ च्या कायद्याने युरोपीय खलाशाला राहण्यासाठी ७२ घनफूट जागा दिली, १९०६ मध्ये ती १२० घनफूट झाली. लास्करासाठीचे प्रमाण ३६ घनफूट होते. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी म्हणजे ३६ घनफूट. त्यात माणूस, त्याचे अंथरूण, त्याची ट्रंक आणि त्याचे ओले कपडे.

२२/
या गोवेकर खलाशांचे मुंबईतील ठाणे होते धोबीतलाव. जिथे पूर्वी धोबी कपडे धूत, त्या बुजवलेल्या तळ्याचे नाव त्या भागाला राहिले. तिथेच गावागावांचे ‘कूड’ उभे राहिले. पुढचे जहाज मिळेपर्यंत खलाशाने थोडक्या भाड्यात राहावे, आपापल्या ट्रंका ठेवाव्यात, गावच्या संताची प्रार्थना करावी, अशी ही वसतिस्थाने. धोबीतलावच्या जेर महालात असे कितीतरी कूड होते. त्याच परिसरात १८६९ मध्ये स्थापन झालेले सेंट झेवियर्स कॉलेज आहे. लिस्बनला नोकर नाकारून स्वतःचे कपडे स्वतः धुणाऱ्या प्रवाशाचे नाव धोब्यांच्या तळ्याशेजारी येऊन स्थिरावले, हा निव्वळ योगायोग. पण तो लक्षात राहावा असा आहे.

२३/
२०व्या शतकात लाँड्री जहाजावर आली आणि तिच्याबरोबर धुणारी माणसेही आली. ब्रिटिश युद्धनौकांवर हे काम प्रामुख्याने हाँगकाँगचे चिनी धोबी करत. ते सैनिक नव्हते, प्रत्येक कपड्यामागे पैसे घेऊन काम करणारे नागरिक होते. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात ते जहाजांबरोबर दक्षिण अटलांटिकला गेले. ४ मे रोजी ‘शेफील्ड’वर क्षेपणास्त्र आदळले, २५ मे रोजी ‘कॉव्हेंट्री’ बाँबहल्ल्यात बुडाली. दोन्ही जहाजांच्या मृतांत एकेक चिनी धोबी होता. साम्राज्याच्या अखेरच्या युद्धांपैकी एका युद्धात कपडे धुणारी माणसेही कामी आली. पुढे या लाँड्रींमध्ये गुरखा पलटणींतून निवृत्त झालेले नेपाळी दिसू लागले.

२४/
यंत्रांनी एक नवे भय आणले. गोडे पाणी मुबलक झाले, गरम हवेने कपडे तासाभरात वाळू लागले. पण वाळताना कापडाचा सूक्ष्म कापूस सुटतो आणि हवा वाहून नेणाऱ्या नळ्यांत साचत जातो. तो ठिणगी पडण्याचीच वाट पाहत असतो. २० जुलै १९९८ रोजी मायामीहून निघालेल्या ‘एक्स्टसी’ या क्रूझ जहाजाच्या मुख्य लाँड्रीत वेल्डिंग चालू असताना ही ठिणगी पडली. आग कापसाच्या थरावरून नळ्यांमार्फत जहाजाच्या मागील भागात पोहोचली आणि तिथले जाड दोरखंड पेटले. डेकखाली कपडे वाळवू नका, या जुन्या नियमाला ओल हे कारण होते. आता त्याच जागी कोरडेपणा धोक्याचा ठरला.

२५/
बाल्कनीचा नियमही असाच कमावलेला आहे. २३ मार्च २००६ रोजी कॅरिबियन समुद्रात ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजाच्या एका बाल्कनीत आग लागली आणि वाऱ्याने ती कित्येक केबिनांवर पसरली. धुराने एक प्रवासी मरण पावला. टाकून दिलेल्या सिगारेटच्या थोटकाने बाल्कनीतील ज्वालाग्राही वस्तू पेटल्या असाव्यात, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्यानंतर समुद्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बाल्कन्यांसाठी दुरुस्ती झाली आणि ती १ जुलै २००८ पासून लागू झाली. कठड्यावरच्या ओल्या टॉवेलाला होणाऱ्या मनाईकडे या आगीनंतर केवळ शोभेचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही. टॉवेल वाळतो, वाऱ्याने उडतो आणि खालच्या मजल्यावर जाऊन पडतो.

२६/
या साऱ्या इतिहासातील सर्वांत शांत बदल मात्र कागदावर झाला. १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने खलाशांच्या निवासाविषयी ९२ क्रमांकाचा करार मंजूर केला. खलाशांची संख्या आणि प्रवासाची लांबी यांना साजेशी कपडे धुण्याची आणि वाळवण्याची सोय जहाजावर असलीच पाहिजे, असे त्यात नमूद होते. २००६ च्या सागरी श्रम कराराने हेच तत्त्व पुढे नेले. धुण्याची यंत्रे, वाळवण्याची यंत्रे किंवा उबदार हवेशीर खोली, इस्त्री आणि इस्त्रीचे टेबल, असा तपशील त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. भारताने २०१५ मध्ये या कराराला मान्यता दिली.

२७/
३६ घनफुटांत ओला सदरा अंगावरच वाळवणाऱ्या लास्करापासून वाळवणीच्या खोलीवरील कायदेशीर हक्कापर्यंतचे हे अंतर लहान नाही. तरीही काउंटचा प्रश्न पुरता मिटलेला नाही. क्रूझवरील प्रवाशाची पिशवी सकाळी जाते आणि घड्या घालून परत येते. मधल्या काळात ती पाण्याच्या पातळीजवळच्या किंवा त्याखालच्या, खिडकी नसलेल्या, तापलेल्या मजल्यावर असते. तिथे फिलिपिन्स, इंडोनेशिया, चीन आणि भारतातून आलेली माणसे पाळ्यांमध्ये काम करतात. खाऱ्या पाण्याचे गोडे करता आले, ओल्याचे कोरडे करता आले. आपला मळ दुसऱ्याने नजरेआड धुवावा, ही अपेक्षा मात्र १५४१ मध्ये लिस्बनच्या धक्क्यावर होती, तशीच बऱ्याच अंशी आजही आहे. फरक एवढाच की काम संपल्यावर आपले कपडे धुऊन कोरड्या जागी वाळत घालण्याचा त्या दुसऱ्याचा हक्क आता कागदावर लिहिलेला आहे आणि तो मिळाला नाही तर त्याला तक्रार करता येते.